दत्तोजीची कोथिंबीर

आम्ही मूळचे कुठले म्हणून विचारता, तर काय सांगू तुम्हाला, आमचे पूर्वज कधीच्या काळी लष्कराबरोबर इकडं आले म्हणतात, तिकडं आता आमचं कुणी नाही, बेंगळूरच आमचं गाव. घरात मराठी, दारात कन्नड. मी नि माझी धाकटी बहीण सुमित्रा यशवंतपूरच्या बाजारात फुलं विकायचो, लग्न दोघींनी केलं नाही, एकमेकींनाच होतो. समोर दत्तोजीचं पालेभाजीचं दुकान. आमच्यातलाच माणूस, अण्णा म्हणायचो त्याला.

रामनवमीला सुमित्रानं त्याच्याकडची कोथिंबीर आणून कोसंबरी केली, भिजवलेली मूगडाळ, काकडी, वर कच्ची कोथिंबीर मूठभर. माझी दाढ दुखत होती, मी नुसतं गुळाचं पानक प्याले. तिला जुलाब लागले, मग ताप, मग बोलणंच थांबलं. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई सारखी औषधं बदलायची. म्हणाली अक्का, जंतू रक्तात शिरलाय, कुठल्याच औषधाला दाद देत नाही, कच्चं काय खाल्लं होतं हिनं? मी म्हटलं जास्त ताकदीचं द्या, ती म्हणाली तेच चाललंय. सुमित्रा गेली हो.

मग दत्तोजीचा टेम्पोवाला बोलला, अक्का, ताजं दिसावं म्हणून जुड्या नाल्यात बुडवतात. मी स्वतः जाऊन बघितलं. वरच्या अंगाला कोंबड्यांचं फार्म, त्याची सगळी घाण त्या नाल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाली, कोंबड्यांना माणसांचीच औषधं चारतात, त्यात राहून जंतू निगरगट्ट होतात. दत्तोजीला विचारलं तर म्हणतो, सगळेच करतात, धुऊन खायचं की, तुझ्या बहिणीतच स्वल्प ताकद कमी होती. ताकद कमी होती म्हणाला हो!

मी तिथं रडले नाही. थांबले. आमच्या देवळात जेवण होतं, पहिल्या पानावर तोच, अंगावर मानाची शाल. मी त्याच्याच दुकानातली जुडी आणवली, कोसंबरी केली, नि त्याच्या एकट्याच्या पानात वाढली. म्हटलं अण्णा, तुमचीच कोथिंबीर, तुम्ही सांगता तशी धुतलीय, खा. त्याचा हात पुढं येईना. मी म्हटलं का हो, ताकद कमी आहे? सगळी पंगत बघत होती. उठला नि शाल सावरत गेला.

त्याच्या दुकानात मग कुणी फिरकेना. हेब्बाळला नवं टाकलं, तर मी बस धरून तिथंही गेले, दारात उभी राहून येईल त्याला सांगितलं. त्याची बायको पाया पडली, अक्का, सोडून द्या. सरी, बरं म्हटलं, पण सोडलं नाही. अजून जाते. लोक म्हणतात देव बघून घेईल. मी देवाला सांगते, त्याला उदंड आयुष्य दे, धडधाकट ठेव, आणि दर जेवणाला पहिला घास उचलताना त्याचा हात कापू दे.