कुंदननं लावलेला सूर

— नाही नाही, नव्या तारा नको भाऊ, ह्याच राहू दे, ह्या त्याच्या हातच्या आहेत. गंजल्यात? गंजू दे. तुला बोलावलं ते फक्त सूर लावायला — कुंदननं लावला होता तसाच. नूतननं, माझ्या पोरीनं, फोनवर सांगितलं ना तुला? अर्धंच सांगितलं असेल, भावाचं नाव आलं की ती रडते अन् फोन ठेवून देते. बस, पंखा लावते. सुरतेत, त्यात ह्या गोडादऱ्यात, दुपारी असंच तापतं.

हे बघ, मला गिटारीतलं काही कळत नाही — पण एवढं कळतं, की हिला कुलूप आहे. इथं मानेवर, हे तीन स्क्रू. कुंदन म्हणायचा, आई, ही खालची लोखंडी दांडी किती पण दाब, सोडली की सूर परत जागेवर. मी म्हणायची, मेल्या, गिटारीला कुलूप अन् घराला कडीसुद्धा लावत नाहीस! — मेल्या म्हणायची रे मी त्याला. मग इच्छापोरहून कामावरून येताना त्या ट्रकनं... तो गेला, सूर तेवढा राहिला. मी काय करायची, संध्याकाळी दिवा लावला की ह्या तारांवरून एकदा अंगठा फिरवायची. एकदाच. दांडीला हात नाही लावायचा. त्या स्पीकरच्या डब्याला न जोडता, हळू आवाज यायचा — अन् वाटायचं, आला घरी, बूट काढतोय. वेडी म्हण. हेसुद्धा कारखान्यातून आले की विचारायचे, वाजवलं का आज?

मग दसरा आला. आमच्यात दसऱ्याला अवजारं पुजतात. हे तिकडे सचिन गावात कापडाच्या लूमचे मास्तर — पान्हे, पक्कड, कात्री, सगळं पाटावर मांडलं अन् म्हणाले, कुंदनचं अवजार पण ठेवू. किती बरं वाटलं मला! आता पुजेआधी अवजार साफ करायचं, तेल द्यायचं — तशी हिलाही पुसली, मागचं झाकण खोललं, तर आत स्प्रिंगा. ह्यांना त्या ढिल्या वाटल्या. लूमला ढिली स्प्रिंग हे कधी ठेवतील का? नाही ठेवणार. कसल्या. प्रेमानं कसल्या रे, पोराची वस्तू नीट राहावी म्हणून. झेंडू वाहिला, कुंकू लावलं, अन् मी अंगठा फिरवला — तर दुसरंच कोणीतरी बोललं.

उलट्या फिरवून पाहिल्या ह्यांनी. मग कुलूप खोलून मी हात घातला — एक तार चढवली की बाकीच्या उतरतात, त्या चढवल्या की ही उतरते, खाटेची नवार एका कडेनं ओढली की दुसरीकडे झोळ पडतो ना, तसं. हे नुसते बघत उभे. शेवटी म्हणाले, मन्हा हातथीन गयं, मंगला — माझ्या हातून गेलं. एवढंच. तेव्हापासून ह्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. ओट्यावरच जेवतात, ओट्यावरच निजतात. मी नाही भांडले, देवाशपथ. भांडले असते तर बरं झालं असतं.

हां, वाजव. नाही — जाड होता याच्यापेक्षा. अजून उतरव. अजून... हा? नाही, परत वाजव. माझ्या कानात आहे रे, रोजचा ऐकलेला — थांब, मघाचा वाजव. तो होता का? हा पण तसाच वाटतो. अन् हा पण.

थांब.

भाऊ, मला नाही आठवत.

नाही, हात काढू नको. लाव. तुमच्या दुकानात लावतात तसा लाव, अन् कुलूप घाल, घट्ट घाल. ह्यांची पाळी सुटायची वेळ झाली. ओट्यावर आले की मी दार उघडं ठेवून वाजवीन अन् म्हणेन, आला हो, हाच, अगदी हाच. तू तोवर थांबू नको. तू समोर असलास तर मला खोटं बोलता येणार नाही. झालं का? — जा मग.