उरलेले केस

दीर : दुकानाची साइट सर्चमध्ये वर आणून देणारे तिघे मिळालेत, त्यातल्या दुसऱ्यांनी सरळच सांगितलंय, वहिनी. सहा महिने थांबायची तयारी असेल तरच बोला.

वहिनी : सहा महिने थांबले तर या खोलीला कुलूप लागेल. सात आठवड्यांत एकही नवीन विग सांगायला कोणी आलेलं नाही. हे सांगितलंत का त्यांना?

दीर : सांगितलं. बाई आहेत कुणी, एकट्याच काम करतात. म्हणाल्या, खोटी आशा लावणार नाही. त्या एकेका हॉस्पिटलला, समुपदेशकाला, पेशंटच्या गटांना पत्र लिहिणार. तुझं काम त्यांना पटलं तर ते आपल्या साइटवर तुझ्या साइटची लिंक देणार. नाही पटलं तर नाही.

वहिनी : आणि पहिले?

दीर : पहिले आठवड्यात हजार लिंक लावून देतो म्हणतात. मी नमुने मागवले. एक टायरच्या दुकानाची साइट निघाली, एक जुगाराची, आणि एक कशाचीच नाही, नुसते शब्द ओतलेले. तिथे आपलं नाव दिसलं तर सर्च इंजिन आपल्याला आणखी खाली ढकलेल.

वहिनी : आणखी खाली म्हणजे कुठे? सहाव्या पानावर आहोत. सहाव्या पानापर्यंत येतं तरी कोण?

दीर : कोणी नाही.

वहिनी : मला एकदा धड सांगा. मी आयुष्यभर जाळीवर एकेक केस गाठवत बसलेली बाई. कीमोने केस गेलेल्या माणसाला विग हवा असतो, मी तो बनवते. यात दुसऱ्याच्या साइटवर माझा पत्ता असल्याने काय फरक पडतो?

दीर : सर्च इंजिनाला तुझं काम दिसत नाही ना. त्याला एवढंच दिसतं, की किती जण तुझं नाव घेतात आणि ते घेणारे कोण आहेत. चांगल्या साइटने नाव घेतलं की त्याला वाटतं, या बाईत काहीतरी असणार.

वहिनी : मग दोन वर्षांपूर्वी आपण पहिल्या पानावर होतो ते कसे? तेव्हा तर आपण कुणाला विचारायलाही गेलो नव्हतो. कोण घेत होतं आपलं नाव?

दीर : घेत होते लोक. तिसऱ्यांचं बघू या का? मला तेच बरे वाटतायत.

वहिनी : ते काय म्हणतात?

दीर : तीन आठवड्यांत पहिलं पान. सगळ्या जुन्या, विश्वासाच्या साइट आहेत म्हणे, त्यातही आजारपणावरच्या. चाळीस साइटची यादी पाठवलीय. आपण निवडायच्या, ते लिंक लावणार.

वहिनी : वाचा.

दीर : आहारावरची एक. एका निवृत्त नर्सची. पाठदुखीची. मग ही आहे झोपेवरची. पुढे…

वहिनी : पुढे काय?

दीर : नेट अडकलंय.

वहिनी : कुठे अडकलंय? चाक फिरत नाहीये कुठलं. द्या इकडे तो लॅपटॉप.

दीर : वहिनी, थांब जरा.

वहिनी : द्या म्हणते ना. कुठली होती, झोपेच्या पुढची? ही बघा. 'उरलेले केस. साइटचं वय सहा वर्षं. वाचकांचा विश्वास उत्तम. लिंकसाठी जागा शिल्लक.' भाऊजी, हा यांचा ब्लॉग आहे.

दीर : हो.

वहिनी : आजारपणात लिहिलेला. तो या कंपनीच्या यादीत कसा आला?

दीर : साइटचा पत्ता दरवर्षी पुन्हा नोंदवावा लागतो. नाही नोंदवला की तो मोकळा होतो, कोणीही विकत घेतं. हे लोक अशा पत्त्यांवर टपूनच असतात. दादाने तीन वर्षांचे पैसे आधीच भरून ठेवले होते, त्यापुढे ते काम माझ्याकडे होतं.

वहिनी : मग तुम्ही नोंदवला नाहीत?

दीर : मागच्या वर्षी आठवण करून देणारे मेल आले. सात आले. मी एकही उघडला नाही.

वहिनी : का पण?

दीर : वर त्याचं नाव असायचं. 'प्रिय' आणि पुढे दादाचं नाव. आणि खाली, 'आपली मुदत संपत आली आहे.' पहिला मेल आला तेव्हा मी रस्त्यात होतो. तिथेच कट्ट्यावर बसून राहिलो. पुढचे आले तेव्हा म्हटलं, उद्या बघू. असं करत करत गेलं ते.

वहिनी : एका शब्दाने बोलला नाहीत.

दीर : काय तोंडाने बोलणार होतो? आपण पहिल्या पानावर होतो ते त्याच्यामुळेच. मोठमोठी हॉस्पिटलं स्वतःच्या साइटवर त्याच्या ब्लॉगची लिंक द्यायची, आणि त्याच्या प्रत्येक पानावर या दुकानाची लिंक होती. तो हातचा गेला आणि आपण घसरत गेलो. वर्षभर हे मला माहीत होतं. तू इथे कामाला असलेल्या त्या दोघींना काम कसं पुरवायचं म्हणून डोकं धरून बसायचीस आणि मी बाजारात घसरण आहे म्हणून सांगायचो.

वहिनी : मीही वर्षभर उघडून बघितला नाही तो. बघितला असता तर मलाही कळलंच असतं. उघडा आता.

दीर : नको वहिनी. काय करून ठेवलं असेल कोण जाणे.

वहिनी : मीच उघडते. हा फोटो कुणाचा? हा टेकडीवरचा हसरा माणूस कोण?

दीर : विकत मिळतात असे फोटो.

वहिनी : नावही काढून टाकलंय यांचं. हे बघा, हे यांचंच आहे. 'सकाळी उशीवर केस होते. मी ते उचलून कागदात गुंडाळले. विगवाल्याचा मुलगा, केस टाकवत नाहीत.' एवढं यांचं. पुढचं यांचं नाही.

दीर : वाचू नकोस.

वहिनी : 'त्याच आठवड्यात मित्राने या पावडरीबद्दल सांगितलं. मी हॉस्पिटल सोडलं. सहा आठवड्यांत गाठ विरघळली. आज मी टेकडी चढून आलो.' आणि इथे पावडरीची लिंक. यांच्या तोंडी घातलंय हे, भाऊजी. जो माणूस अंगात ताप असताना रिक्षाने डोस घ्यायला गेला, त्याच्या तोंडी.

दीर : त्या कंपनीचा माणूस चॅटवर आहे. थांब, मी लिहितो त्याला. ही साइट माझ्या भावाची आहे, तो वारला आहे, हा मजकूर ताबडतोब काढा.

वहिनी : काय म्हणतोय?

दीर : 'सर, आपल्या दुःखात सहभागी आहोत. साइट मुदत संपल्यावर आम्ही रीतसर घेतलेली आहे. पावडरीचा मजकूर दुसऱ्या ग्राहकाचा आहे, वर्षभराचा करार असल्यामुळे काढता येणार नाही.'

वहिनी : वर्षभर?

दीर : अजून लिहितोय. 'मात्र आपलं या साइटशी नातं आहे, तर आपल्या दुकानाची लिंक आम्ही तिथे सर्वांत वर लावू. अशी साइट आपल्या धंद्याला दुसरी मिळणार नाही.'

वहिनी : ती लावली तर लोक येतील का परत?

दीर : वहिनी…

वहिनी : विचारतेय मी. येतील का?

दीर : येतील. त्या ब्लॉगमुळेच यायचे ते. हॉस्पिटलवाल्यांनी लिंक अजून काढलेली नाही, त्यांना पत्ताच नाही आत काय बदललंय याचा. आपण महिन्याभरात वर येऊ.

वहिनी : म्हणजे डॉक्टरांच्या साइटवरूनच माणसं इथे येतात, आणि इथे त्यांना सांगतात, डॉक्टर सोडा. आणि शेजारी माझा विग.

दीर : त्या चॅटवरच्या माणसाला काय लिहू?

वहिनी : थांबा. खाली प्रतिक्रिया आहेत. यांच्या वेळच्या दिसतायत… नाही, ही नवीन आहे. नऊ दिवसांपूर्वीची. 'दादा, तुमचं वाचून धीर आला. मुलगी चौदा वर्षांची आहे. दोन डोस झाले, फार हाल झाले तिचे. आता तीन आठवडे हॉस्पिटल बंद करून पावडर चालू केली आहे. ताप येतो आहे. तुम्हालाही सुरुवातीला आला होता का? कृपया फोन करा.' खाली नंबर दिलाय.

दीर : कोणी उत्तर दिलंय?

वहिनी : दिलंय की. 'ताप म्हणजे विष बाहेर पडत आहे, चालू ठेवा.' भाऊजी, त्या चॅटवाल्याला काही लिहू नका. बंद करा ते. त्या सहा महिनेवाल्या बाईंना फोन लावा. म्हणावं, काम तुमचं. पण पहिली पत्रं माझ्या दुकानासाठी नकोत. जी जी हॉस्पिटलं या ब्लॉगची लिंक देतात, त्यांना आजच्या आज कळवा आणि ती काढायला लावा.

दीर : सगळ्यांनी लिंक काढली तर ब्लॉग कुठल्या कुठे जाईल. शोधूनही सापडणार नाही. दादाचं तेवढंच राहिलं होतं गं.

वहिनी : यांचं काय राहिलंय त्यात? एक उशी आणि थोडे केस. बुडू दे ते.

दीर : आणि ही खोली?

वहिनी : त्या दोघींना मी सांगेन काय ते. तुम्ही फोन लावा. मी या आईला लावते.

(पलीकडे फोन पहिल्याच रिंगला उचलला जातो.)

आई : हॅलो? कोण बोलतंय?

वहिनी : तुम्ही 'उरलेले केस'वर नंबर लिहिला होता ना?

आई : हो, हो. किती वाट बघितली हो तुमची. ते स्वतः आहेत का? दोनच मिनिटं द्या त्यांना. पोरीचा ताप एकशे तीनच्या खाली येत नाहीये, पाणीसुद्धा ठरत नाही पोटात. त्यांनी किती दिवस सोसलं होतं तेवढं विचारायचंय.

वहिनी : त्यांना देता येणार नाही. मी त्यांची बायको.

आई : बरे आहेत ना ते?

वहिनी : नाही. ते गेले. चार वर्षं झाली.

आई : असं कसं? गेल्या महिन्यात तर टेकडी चढल्याचं लिहिलंय त्यांनी.

वहिनी : ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांची साइट दुसऱ्यांनी घेतली आणि आत पावडरीची जाहिरात घातली. त्यांनी पावडर कधी बघितलीही नव्हती.

आई : तुम्ही हॉस्पिटलच्या आहात. त्यांनीच फोन करायला लावलाय तुम्हाला. आधीही दोनदा आला होता त्यांचा.

वहिनी : मी हॉस्पिटलची नाही. तुम्ही उशीवरच्या केसांचं वाचलंत ना? त्याच्यापुढे त्यांनी काय लिहिलं होतं ते सांगते, मला पाठ आहे. 'उद्या पाचवा डोस. आज दिवसभर पायात गोळे आल्यासारखे पाय जड आहेत, ते आजाराने नाही, भीतीने. तरी जाणार. बायकोने पिशवी दारात ठेवली आहे, ती ओलांडून परत आत येता येत नाही.' हे पुसून त्या लोकांनी पावडर लिहिली.





आई : हे त्यांचंच आहे. ते असंच लिहितात. मी पहिल्यापासून वाचलंय सगळं.

वहिनी : हो.

आई : पण मग डोस घेऊनही गेलेच ना ते. उपयोग काय झाला?

वहिनी : चार महिने सांगितले होते, दोन वर्षं होते. त्यातले काही महिने फार वाईट होते, तेही सांगते. तुमच्या मुलीचं काय होईल ते मला नाही माहीत. मी डॉक्टर नाही, विग बनवते. मी एवढंच सांगू शकते, की पावडरीने बरा झालेला तो माणूस जगात कुठेच नाही.

आई : महिना झाला हो. उशीर झाला असेल का?

वहिनी : माहीत नाही मला. ताप असताना आजच न्यायला हवं.

आई : आम्ही न सांगता निघून आलो होतो तिथून. डॉक्टर काय काय बोलतील.

वहिनी : बोलतील. ऐकून घ्या. पावडरीचा डबा घेऊन जा सोबत, त्यांना दाखवायला. घरात दुसरं कोण आहे?

आई : कोणी नाही. हे संध्याकाळी येतात. ती आत झोपलीय. तुम्ही… तुम्ही फोन ठेवणार का आता?

वहिनी : नाही.

आई : मग तसाच चालू राहू द्या. मी तिचे कपडे भरते.

वहिनी : भरा. आहे मी.