पाच मार्कांची आत्या

लातूर-नांदेड एसटीत माझ्या पुढच्या सीटवर सृष्टी आणि तिची साखराआत्या. सृष्टीच्या मांडीवर परीक्षेचं इंग्रजी कथांचं पुस्तक. उद्या लोह्याला तिच्या चुलत बहिणीची, आरतीताईची हळद.

"कशाची गोष्ट हाय गं?"

"एका आत्याची. नवरा वारला म्हणून भाचीला हळद लावू देत नाहीत तिला."

"इंग्रजीत बी?"

"हाव. पाच मार्काला येतंय."

"पाचच? मी तर वीस वर्षं हाच पेपर लिहून राहिले की!"

"म्हणजे उद्या तू स्वयंपाकघरातच बसणार?"

"मग? पुढं आले तर तुझी काकू डोळे वटारील."

"काकूला मी बघते."

"लई शाणी! त्या आत्याचं काय झालं, ते सांग."

"ती दाराआड उभी राहते. नवरी मागं वळून बघते. संपली गोष्ट."

"अन् हळद?"

"ते लिहिलंच नाही."

"एवढं इंग्रजी शिकून शेवट येईना व्हय त्याला?"

"मग तूच कर शेवट."

लोहा जवळ आलं, तेव्हा आत्यानं नेसूच्या साडीचा पदर हातात धरला.

"सृष्टे, ह्याच्यावर हळदीचा डाग पडला तर निघंल का गं?"

"नाही निघणार, आत्या."

"मग हीच नेसते उद्या."