न केलेला फोन

हावड्याच्या घाटावर लाँचच्या रांगेत माझ्यापुढे आत्या-भाची उभ्या होत्या. इथे मराठी कुणाला कळतंय, अशा मोकळ्या आवाजात बोलत होत्या.

“भेटले का गं ते हेडमास्तर?”

“भेटले ना, आत्या. चहा दिला, संदेश मिठाई दिली.”

“अगं, शाळेतल्या मुलांचा तांदूळ विकला म्हणून तू त्यांच्यावर बातमी छापलीस, ती खोटी निघाली, आणि ते तुला संदेश खायला घालतात?”

“खुलासा छापला होता आम्ही. आतल्या पानावर, दोन ओळी.”

“आधी त्यांना विचारायचं नाही का?”

“बातमीत लिहिलं होतं, वारंवार फोन करूनही त्यांनी उचलला नाही.”

“मग थोडी चूक त्यांचीही आहे.”

“मी फोन केलाच नव्हता, आत्या. पान छपाईला सोडायची वेळ झाली होती. ते वाक्य आम्ही सगळेच टाकतो.”

“नूपुर!”

“तेच कबूल करायला गेले होते आज.”

“मग केलंस?”

“मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच हात जोडले. म्हणाले, माफ करा, त्या दिवशी तुमचा फोन मला ऐकूच आला नाही. पेपर वाचून त्यांनी फोन दुरुस्तीला नेला होता. दुकानदार म्हणाला, काही बिघडलेलं नाही. तरी नवा घेतला. आता आंघोळीला जातानाही बरोबर नेतात, बायको सांगत होती.”

“मग तू काय म्हणालीस?”

लाँच घाटाला लागली. रांग हलली.

“नूपुर, काय म्हणालीस तू?”

“म्हटलं, असू दे सर, होतं असं कधी कधी.”