पंख्याखालचा हात

महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर बॅडमिंटनची रॅकेट घेतलेली एक मुलगी आणि तिची आत्या.

"सर काय म्हणाले गो, मानसी?"

"हात डोक्यावर ने, शटल उंच मार."

"मग मारायचं."

"हात वर जातच नाय, आत्या. आपल्या विहारात पंखा केवढा खाली हाय. त्याला लागू नये म्हणून खालूनच मारायला शिकले."

"इथल्या हॉलचं छप्पर तर उंच हाय."

"तरी मला पंखाच दिसतो. सर म्हणाले, अगदी नवी असतीस तर बरं झालं असतं."

"जाईल गो सवय."

"नाय जात. मी नाय येणार आता."

"आणि रॅकेट?"

"बारक्या दीप्तीला देते. तिला शिकायचंय."

"कुठं शिकणार ती?"

"विहारातच."