काडी आणि गुंड्या तयार होईपर्यंत

...आणि वर मलाच विचारतात, मधुभाई, कुत्र्यांना मराठीत कशाला शिकवलंत! अहो, मग कशात शिकवणार? मस्कतजवळच्या बरक्याच्या फार्मवर स्टोअर सांभाळणारा मी एकटा माणूस, दिवसभर मजुरांशी हिंदी, बकऱ्यांशी हिंदी, शहरातल्या कुरुमच्या ऑफिसशी फोनवर इंग्रजी, आणि आमचे मालक, म्हणजे अर्बाब महमूद, त्यांच्याशी अर्धं हिंदी अर्धं अरबी... अशात दोन पिल्लं हातात आली तर माणूस स्वतःच्या भाषेत बोलणार नाही का? मी बोललो ही माझी चूक, आणि त्यांनी ऐकलं ही त्यांची. पण जाऊ दे. मला काय, मी चाललो!

कायमचा चाललो, तुम्हाला सांगतो. सुरेखा, म्हणजे आमची ही, गेल्या वर्षी यशच्या कॉलेजसाठी त्याला घेऊन डोंबिवलीला गेली, तेव्हापासून मी इथे एकटा. एकट्याचं जेवण म्हणजे काय हो, कुकर लावा, आपणच काढा, आपणच वाढून घ्या, आणि ताटावर बसलं की घास उतरत नाही. मला घरी जायचंय, सरळ सांगतो, त्यात लाज कसली? तिने गॅलरीत माझ्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवलीय. म्हणून अर्बाबना म्हटलं, खलास, आता मला सोडा, व्हिसा कॅन्सल करा. भला माणूस. म्हणाले, "माफी मुश्किल," म्हणजे काही हरकत नाही, "मधु, तुम जाओ. लेकिन पहले ये कुत्ता लोग दूसरे आदमी का सुनेगा, फिर जाओ." म्हणजे माझं विमान कुठे अडलं? दोन कुत्र्यांपाशी!

आता ही कुत्री लाडाची नव्हेत बरं का, कामाची. आमच्याकडे खजुराचं गोदाम, शेजारी घासाच्या गठड्यांची शेड, आणि त्यात उंदीर... उंदीर कसले, बोके म्हणा! विष ठेवायची सोय नाही, बकऱ्या चघळतील. तेवढ्यात एक इंग्रज इंजिनिअर देश सोडून चालला होता, त्याने अर्बाबना ही दोन पिल्लं दिली आणि अर्बाबनी ती माझ्याकडे. एक टेरियर, बुटका, पांढरा, तापट, तो गुंड्या. दुसरी लर्चर. लर्चर म्हणजे काय, तर बाप इथला शिकारी सलुकी आणि आई टेरियर, म्हणजे पायात वारं आणि डोक्यात भानगडी. इतकी बारीक की नावच काडी ठेवलं. मस्कतहून कोणी फॅमिली खजूर घ्यायला आली की त्यातली बाई मला बाजूला घेऊन विचारते, अहो, हिला खायला घालत नाही का? अहो घालतो, माझ्यापेक्षा जास्त खाते ती! आमच्या ड्रायव्हरने, तय्यबने, बाजारातून आणलेली अख्खी सुरमई हिने पिकअपच्या सीटवरून लांबवली, आणि परत येऊन अशा चेहऱ्याने बसली की तय्यब माझ्याकडेच संशयाने बघायला लागला.

मला का दिली कुत्री, तर तय्यब म्हणाला, आमच्यात ओलं नाक कपड्यांना लागलं की धुतल्याशिवाय नमाज नाही, तुमच्यात चालतं ना? आमच्यात! आमच्या आईने जन्मात कुत्र्याला पायरी चढू दिली नाही! पण हे कोणाला सांगणार? मी गप्प दोरी हातात घेतली. आणि अर्बाबांचं शास्त्र वेगळंच. सलुकी बैठकीत गालिच्यावर आली तरी चालते, बाकी कुत्र्यांनी बाहेर. मग आता ही अर्धी सलुकी, हिचं काय करायचं? त्यावर सगळे विचार करत बसले आणि तोवर बाईसाहेब पुढचे दोन पाय आत, मागचे दोन बाहेर, अशा उंबऱ्यावर पसरून झोपल्यासुद्धा. आजही तशीच झोपते, आणि कोणाला काही बोलायला जागा ठेवत नाही.

काम कसं, ते ऐका. सगळं पहाटेच, कारण नंतर वाळू तापते आणि पाय पोळतात. मी म्हणणार, "गुंड्या, हुडक." की हा गठड्यांच्या फटीत शिरला. काडीला म्हणणार, "थांब." ती थांबते, पण थांबते म्हणजे काय, सगळं अंग थरथरतंय, कान टवकारलेत, नजर एका फटीवर... आत गुंड्याची खसफस, मग उंदीर बाहेर आणि काडी त्याच्यावर, आपल्याला मधलं काही दिसतच नाही! "सोड" म्हटलं की आणून पायाशी टाकते. हे शिकवायला मी पोटावर पडून फटीत बॅटरी मारलीय, गुडघे गेलेत माझे. काडीच्या पायात बाभळीचा काटा मोडला तेव्हा तिचा पाय मांडीवर घेऊन सुईने काढला, आणि ती ओरडली नाही, नुसतं माझ्या मनगटाला तोंड लावून बसली. असो. मला काय, मी चाललो!

तर आता दुसरा माणूस. पहिले स्वतः अर्बाब उभे राहिले. म्हणाले, "यल्ला!" तुम्हाला सांगतो, अर्बाब यल्ला म्हणाले की मजूर पळतात, ड्रायव्हर पळतात, बकऱ्या पळतात. या दोघांनी आधी अर्बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, की काय हो, यांचं ऐकायचं का? मी कुठे बघू? मी आभाळाकडे बघितलं. मग यशला व्हिडिओ कॉल लावला, म्हटलं आवाज पोराचा, रक्त आपलं. पण तो पडला इथल्या इंडियन स्कूलचा, सगळं इंग्रजीत, म्हणतो, "गुंड्या, तू आत जातो का, प्लीज?" गुंड्याने फोनचा वास घेतला आणि मान फिरवली. पोरापेक्षा कुत्र्याचं मराठी बरं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते सुरेखाला सांगायला मी गेलो नाही.

शेवटी राहिला कोण? तय्यबच. दिवसभर गाडीवर, म्हणून बोलणं कमी, पण दापोलीचा माणूस, भाषा आपलीच, जरा वेगळ्या चालीची इतकंच. नमाजाची अडचणही त्याने स्वतःच सोडवली, कुत्र्यांच्या कामाला एक जुना अंगभर बॉयलर सूट खुंटीवर वेगळा ठेवला, काम झालं की तो काढायचा, हातपाय धुवायचे, मोकळा. रोज पहाटे मी शिकवतोय, तो शिकतोय. आधी ओरडायचा. मी म्हटलं, ओरडू नकोस, ती बहिरी नाहीत. मग हळू बोलायला लागला. मग एक दिवस बघतो तर काडी त्याच्या हातातून खजूर खातेय, आणि हा तिच्याशी गप्पा मारतोय, दापोलीच्या! चांगलंच झालं की, मला काय... मी चाललो.

आणि काल परीक्षा. अर्बाब म्हणाले, मधु, तू गाडीत बस, काच वर कर, दिसू नकोस. बसलो. तय्यब बॉयलर सूट घालून उभा, आणि मी मनात काय म्हणत असेन? चांगलं व्हावं, असं म्हणायला हवं ना? घर तिकडे, बायको तिकडे, मुलगा तिकडे. आणि मी म्हणत होतो, ऐकू नका रे. देवाशपथ, ऐकू नका रे, असंच म्हणत होतो! तय्यब म्हणाला, हुडक, आणि गुंड्या शिरला. थांब म्हणाला, काडी थांबली. एकदासुद्धा गाडीकडे वळून बघितलं नाही हो. एकामागून एक उंदीर, सोड म्हटलं की तय्यबच्या पायाशी. सगळं कसं अगदी माझ्यासारखं!

अर्बाब गाडीपाशी आले, हसत. "खलास, मधु. अब तुम घर जाओ."

आणि मी काय बोललो असेन? म्हणालो, "अर्बाब, वो डाव्या बाजू का कोपरा छोड़ दिया उन्होंने. और दो महीना लगेगा." माझ्या तोंडून, माझ्या कानांनी ऐकलं मी! आता तो कोपरा काडीने सगळ्यात आधी बघितला होता. मला माहीत होतं. मागे उभ्या तय्यबलाही माहीत होतं. त्याने बॉयलर सूटची बटणं काढली, माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेला. अर्बाब एवढंच म्हणाले, "इन्शाल्ला, दो महीना," आणि मान हलवत आत गेले.

आता सुरेखाला सांगणं आलं. संध्याकाळी फोन केला, आधी हवापाणी, मग यशची परीक्षा, मग भाजीचे भाव, आणि मग हळूच म्हटलं, "अगं, यायला अजून दोन महिने लागतील. इकडे एक जण अजून तयार नाही."

 ती म्हणाली, "तुमचं मला माहितीये. कुत्र्यांचं काय ते सांगा."