पान्यावर घातलेलं नाव

माझ्या पान्यांवरच्या नावाला हसा खुशाल, अख्खा हँगर हसून बसलाय.

पुण्याला विमानाचा मेकॅनिक म्हणून लागलो, तेव्हा पहिली हत्यारं घ्यायला आई वराळ्याहून तळेगावच्या बाजारात माझ्याबरोबर आली. दुकानदारानं चोवीस पान्यांचा संच पुढं केला. आई म्हणाली, "एवढं हरवायला घ्यायचं व्हय? चार पाने, दोन स्क्रूड्रायव्हर आन् एक पक्कड द्या. लागंल तसं वाढवू." मग पितळी भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडे नेऊन तिनं एकेका हत्यारावर माझं नाव घालून घेतलं.

फोरमनसाहेबांनी पेटी उघडून विचारलं, "काय रे, रुखवतात आलीत का?" मी तळेगावच्या नावं घालणाऱ्याचं सांगितलं.

महिन्याभरात एका इंजिनात कुणीतरी विसरलेला पाना सापडला. विमान जमिनीवरच राहिलं. साहेबांनी सगळ्यांना रांगेत उभं करून विचारलं, "कुणाचा हा?" मी माझे चारही पाने नावासकट समोर मांडले आणि छाती काढून उभा राहिलो.

सुटी झाल्यावर साहेब एकटेच माझ्यापाशी आले. खिशातून तोच पाना काढून हळूच म्हणाले, "तो नावं घालणारा कुठं बसतो म्हणालास?"